स्नायूंतील विजेचे शोधक : एमिल द्यु ब्वा-रेमाँ

शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांचा जन्म १८१८ मध्ये बर्लिन येथे झाला. गुरू योहानेस म्युलर यांनी १८४१ मध्ये त्यांना प्राणिज विजेच्या अभ्यासाकडे वळविले आणि तोच त्यांचा ध्यास ठरला. स्नायूंतील क्षीण प्रवाह टिपण्यासाठी त्यांनी तारेचे २४ हजारांहून अधिक वेढे असलेला गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. मानवी प्रयोगात त्वचेचा अडथळा होत होता. तेव्हा १८४९ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या हातांवर फोड आणून तेथील कातडी काढली; स्नायू आवळताच, एरवी जेमतेम हलणारा काटा ठळकपणे सरकला. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. कंपवातातील थरथर आणि उपचारांनी तिच्यात पडलेला फरक जोखण्यास साहाय्यभूत ठरणाऱ्या इलेक्ट्रोमायोग्राफीचे मूळ याच प्रयोगात आहे.