गाडगेबाबांचे मूर्तिजापूर : घर सोडलेल्या माणसाने गावाला काय दिले?

मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे छोटे गाव. कापसाची बाजारपेठ आणि यवतमाळ, अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचे जंक्शन ही त्याची जुनी ओळख. संत गाडगेबाबांनी १९२५च्या सुमारास इथे गोरक्षण आणि धर्मशाळेचे काम उभे केले. मात्र या भागाशी त्यांचे नाते लहानपणापासूनचे होते.

हे नाते कसे जुळले?

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचे. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबूजी मामाची गुरे राखत, नांगर धरत. शाळेत ते गेले नाहीत. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. दारू आणि कर्ज घर कसे बुडवते, हे त्यांनी घरातच पाहिले. म्हणून मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची पंगत मोडून गोड जेवण घातले.

घर का सोडले?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी आई, पत्नी कुंताबाई आणि मुलांना मागे ठेवून ते बाहेर पडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर मातीचे गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचे, हा क्रम ठरलेला. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत. विषय रोजचेच : कर्ज काढून सण नको, दारू नको, देवाला बकरा नको, शिवाशिव नको, पोरांना शाळेत घाला.

कामाची सुरुवात कुठे झाली?

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. चिखलातून नदीत उतरताना भाविकांचे हाल होत. १९०८ मध्ये बाबांनी लोकवर्गणीतून घाट बांधायला घेतला. पुढे मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईतली धर्मशाळा जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती.

या इमारतींचा मालक कोण?

लाखोंची वर्गणी हातातून गेली, पण बाबांनी ना स्वतःचे नाव लावले, ना कुटुंबाला वारसा दिला. कारभार विश्वस्तांकडे सोपवला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. याची किंमत घरच्यांनीही मोजली. धर्मशाळांच्या खोल्या वाढत होत्या, तेव्हा कुंताबाई ऋणमोचनला साध्या झोपडीत राहत होत्या.

शेवट कसा झाला?

आंबेडकरांच्या निधनानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच बाबांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाचे नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे.