एका वेळी एकच : संगणकाला शिस्त लावणारे एड्सगर डायक्स्ट्रा



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीची ओळख करून दिली जाते. बहुधा ती संतांची, समाजसुधारकांची किंवा स्वातंत्र्यसैनिकांची असते. यंदा मी एका डच गणितज्ञाविषयी लिहिणार आहे. त्यांचे नाव बेज्जूरमध्ये फारसे कोणी ऐकले नसेल. मीही तीन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकले नव्हते. पण त्यांच्यामुळे माझ्या हातून झालेली एक चूक मला कळली, म्हणून हा लेख.

मी सरकारी नोकर. शिक्षण डिप्लोमापर्यंत. आमच्या कार्यालयात लाभार्थी शेतकऱ्यांच्या नावांची एक यादी संगणकावर भरायची होती. दोन संगणक, फाइल मात्र एकच. एकावर मी बसलो, दुसऱ्यावर आमचे तेलुगू सहकारी. संध्याकाळी पाहतो तर मी दिवसभर भरलेली नावे गायब. माझी खात्रीच झाली की यांनी ती पुसली. चार लोकांसमोर मी त्यांना नको ते बोललो. तेही भडकले. पुढे आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून शेतकरी खिडकीशी येऊन परत जात राहिले.

मुलगा इंजिनियरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्याला हे सांगितले. तो म्हणाला, बाबा, यात काकांचा काही दोष नाही, हा तर आमच्या अभ्यासातला धडा आहे. मग त्याने वहीवर मांडून दाखवले. समजा मंडळाच्या वर्गणीत 5000 रुपये शिल्लक आहेत. दोन कार्यकर्त्यांनी एकाच वेळी तो आकडा वाचला. एकाने 501 मिळवून 5501 लिहिले. दुसऱ्याने आधी वाचलेल्या 5000 मध्येच 251 मिळवून त्यावर 5251 लिहिले. खरी शिल्लक 5752 हवी. 501 रुपये कोणी चोरले नाहीत, बेरीजही कोणाची चुकली नाही, तरी पैसे वहीतून गेले. आमच्या फाइलचेही तेच झाले होते. दोघांनीही सकाळची फाइल उघडली होती आणि ज्याने शेवटी जतन केली त्याचीच राहिली.

एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचा मेळ कसा घालायचा, या शास्त्राला संगणकाच्या भाषेत कॉन्करन्सी म्हणतात. या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत अग्रभागी नाव येते ते एड्सगर डायक्स्ट्रा यांचे.

डायक्स्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. शालेय वयात त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. पण गणित व विज्ञानात गती मोठी, म्हणून लायडन विद्यापीठात ते भौतिकशास्त्राकडे वळले. 1951 साली केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक छोटा वर्ग भरला होता, तो त्यांनी केला. लगेच 1952 पासून ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम सुरू झाले. त्या काळी हा व्यवसाय म्हणून कोणाच्या गावीही नव्हता. 1957 साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा नोंदणी कार्यालयात व्यवसाय लिहायचा होता. त्यांनी प्रोग्रामर सांगितले. कार्यालयाने ते मान्य केले नाही, असा व्यवसायच नाही म्हणून. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असे लिहून काम भागले. आम्ही सरकारी माणसे रकाना सोडून काही लिहू देत नाही हे काही आपल्याकडेच नाही, हे वाचून मला बरे वाटले.

त्याच सुमारास, 1956 साली, भावी पत्नीबरोबर खरेदीला गेले असता दमून दोघे एका कॉफीच्या दुकानात बसले. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधायचा, याची रीत त्यांनी तेथे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, मनातल्या मनात तयार केली. 1959 साली ती छापून आली. आज मोबाइलवर रस्ता शोधणाऱ्या पद्धतींच्या मुळाशी ही रीत आहे.

कॉन्करन्सीचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तो यंत्राच्या वेगामुळे. संगणक वेगवान आणि त्याला जोडलेली छपाई व टंकनाची यंत्रे संथ. संगणकाने हात बांधून वाट पाहायची नसेल तर मधल्या वेळात दुसरे काम करायला हवे, आणि यंत्राने हाक मारली की हातातले काम थांबवून तिकडे पाहायला हवे. ही हाक कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे होणारी चूकही एकदा होते आणि शोधायला जावे तर पुन्हा सापडत नाही. या गोष्टीची डायक्स्ट्रा यांना प्रथम धास्तीच वाटली होती. पुढे याच विषयावर त्यांनी 1959 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

1962 साली ते आइंडहोवेन येथील तंत्रशिक्षण विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे पाच-सहा जणांच्या छोट्या गटाला घेऊन त्यांनी एकाच संगणकावर अनेकांची कामे एकत्र चालवणारी व्यवस्था उभी केली. तिची माहिती 1968 साली प्रसिद्ध झाली. त्याआधी 1965 साली त्यांनी जेमतेम एका पानाचा एक लेख छापला होता. कितीही कामे एकत्र चालू असली, तरी सामाईक वस्तूला एका वेळी एकानेच हात लावावा, हे कसे साधायचे ते त्यात सिद्ध केले होते. दोघांपुरता उपाय डेकर या त्यांच्याच देशातील गणितज्ञाने आधी काढला होता. डायक्स्ट्रा यांनी तो कितीही जणांना लागू होईल असा केला.

त्यांच्या दुसऱ्या उपायाचे नाव सेमाफोर. आपल्या जुन्या मंडळींनी सिरपूर कागजनगरहून प्रवास करताना हात वर-खाली होणारा सिग्नल पाहिला असेल. इंग्रजीत त्यालाच सेमाफोर म्हणतात, आणि डायक्स्ट्रा यांनी नाव तेथूनच घेतले. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर सिग्नल मिळत नाही, मागच्या गाडीने थांबायचे. संगणकात सिग्नलच्या जागी एक आकडा असतो. वस्तू एकच असेल तर आकडा 1. कोणी वस्तू घेतली की तो 0 होतो, पुढच्याने थांबायचे. काम संपवून वस्तू परत केली की पुन्हा 1, आणि थांबलेल्यांपैकी एकाला वाट मिळते. आपल्या मांडवात आरतीचे ताट एकच असते. ज्याच्या हाती ताट तोच ओवाळतो, बाकीचे टाळ्या वाजवत थांबतात. सेमाफोर म्हणजे तेच ताट.

पण थांबायला शिकवले की नवी अडचण येते. एकाच्या हाती निरांजन आहे, दुसऱ्याच्या हाती काडेपेटी. पहिला म्हणतो काडेपेटी दे, दुसरा म्हणतो निरांजन दे. दोघेही हातातले सोडत नाहीत, आणि आरती काही सुरू होत नाही. याला डेडलॉक म्हणतात. डायक्स्ट्रा यांनी 1965 साली विद्यार्थ्यांना परीक्षेत असा एक प्रश्न घातला. पुढे टोनी होअर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला पाच तत्त्वज्ञांच्या जेवणाचे रूप दिले. गोल टेबलाभोवती पाच जण, दोघांच्या मध्ये एक याप्रमाणे पाचच काटे, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. सर्वांनी एकदम डावीकडचा काटा उचलला की सगळेच उपाशी. त्यावरचा एक उपाय असा : काट्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाने आधी लहान क्रमांकाचाच काटा उचलावा. मग पाचवा माणूस उलट बाजूने सुरुवात करतो आणि फास बसत नाही. जगभरचे विद्यार्थी आजही हे उदाहरण सोडवतात.

1972 साली डायक्स्ट्रा यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1984 ते 1999 ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात होते. राहणी साधी. घरात दूरदर्शन संच नाही. पियानो वाजवण्याची आवड. संगणकाच्या या आचार्यांनी स्वतःच्या टेबलावर कित्येक वर्षे संगणक ठेवला नाही. तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी लिहिली, त्यांतील बहुतेक सुवाच्य अक्षरात शाईच्या पेनाने. त्यांच्या प्रती काढून मित्रांना पाठवत. मित्र त्या पुढे पाठवत. चूक करून मग शोधत बसण्यापेक्षा आधी विचार करून ती होऊच देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. शेवटच्या आजारात ते मायदेशी परतले आणि 6 ऑगस्ट 2002 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. याच शाखेतील एक मोठा पुरस्कार दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या नावाने दिला जातो.

आपल्या महाराष्ट्राचाही या विषयाशी संबंध आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 हा महासंगणक तयार झाला. त्यात अनेक प्रोसेसर एकच काम वाटून घेऊन एकाच वेळी करत असत. त्यांचा मेळ घालायचा म्हणजे हेच शास्त्र लागते.

आता आमच्या कार्यालयाकडे येतो. मुलगा परत गेल्यावर मी सहकाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली. वहीतले 5752 चे गणितही मांडून दाखवले. त्यांनी चहा दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही टेबलावर एक पितळी पेपरवेट ठेवला. ज्याच्यापुढे पेपरवेट, त्यानेच ती फाइल उघडायची. एकदा मीच तो खिशात टाकून जेवायला घरी गेलो आणि ते तासभर खोळंबले. घेतलेले परत करायला विसरले की सगळे अडते, हाही धडा त्याच विषयात आहे असे मुलाने फोनवर सांगितले. यादी पुन्हा भरायला चार दिवस लागले. गेलेली सर्व नावे परत आली. मी चार लोकांसमोर बोललेले शब्द मात्र परत घेता आले नाहीत.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती, की यंदा वर्गणीची वही एकच ठेवावी आणि ती एका वेळी एकाच्याच हाती असावी.

गणपती बाप्पा मोरया!