रमाबाई रानडे आणि परिचारिकेचे पहिले पाऊल

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि त्या विद्येच्या बळावर प्रत्यक्ष काम करू लागणे, यांत बरेच अंतर असते. पहिल्यांदा वर्गावर उभा राहणारा शिक्षक किंवा कचेरीत नव्याने रुजू झालेला कारकून हे अंतर ओळखून असतो. परिचारिकेला ते अधिक जाणवते. कारण तिच्या हातून होणारी चूक रोग्याच्या जिवावर बेतू शकते. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातील पांढरपेशा हिंदू घरांतील विधवा या व्यवसायात उतरू लागल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी रमाबाई रानडे उभ्या राहिल्या. हे बळ त्यांच्या ठायी कोठून आले, हे पाहण्याजोगे आहे.

१८७३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह होऊन त्या पुण्याच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते मुळीच रुचले नाही. त्यांच्या इंग्रजी शिक्षणावरून तर टोमण्यांचा वर्षाव होई. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि धडेही सोडले नाहीत. पुढे नाशिकला व १८७९ मध्ये धुळ्याला रानड्यांची बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानंतर सरकारची रानड्यांवर वक्रदृष्टी होती व धुळ्यात त्यांच्या पत्रव्यवहारावरही पाळत असे. अशा संशयाच्या वातावरणात, खानदेशासारख्या अपरिचित मुलुखात, ऐन तारुण्यात पाऊल टाकणाऱ्या या मुलीने संसार सांभाळला. नवशिक्याला विद्येइतकाच धीर देणारे माणूस लागते, हा धडा त्यांना स्वानुभवाने मिळाला.

१९०१ मध्ये रानड्यांचे निधन झाले. त्यानंतर रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना आणि रुग्णालयांतील रोग्यांना भेटू लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघाले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यातही सेवासदन सुरू झाले आणि ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय करण्यात आली.

सोय झाली, तरी विद्यार्थिनी मिळणे दुरापास्त होते. परजातीच्या रोग्याला स्पर्श करणे, परपुरुषाची शुश्रूषा करणे, रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट तत्कालीन रूढीला असह्य होती. ज्या विधवेला सणासमारंभातही मज्जाव होता, तिने एकाएकी रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून डॉक्टरांच्या आज्ञा झेलावयाच्या होत्या. सेवासदनाच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा सभागृहातील विद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. रमाबाई बोलावयास उठल्या आणि आपल्या दुर्दैवी भगिनींविषयी ज्यांना सहानुभूती नाही, त्यांनी स्वतःला सुशिक्षित कसे म्हणवावे, असा खडा सवाल त्यांनी केला. सभा स्तब्ध झाली.

मात्र केवळ भाषणांवर त्या थांबल्या नाहीत. उमेदवार परिचारिकांसाठी सेवासदनाने वसतिगृह चालविले. रुग्णालयात दिवसभर राबून आलेल्या मुलीला परतण्यास हक्काचे घर असावे, चूक झाली तर समजावून सांगणारे वडील माणूस असावे, ही त्या व्यवस्थेमागची दृष्टी होती. पाठ्यपुस्तकात नसलेला शिक्षणाचा हा भाग त्यांनी अत्यावश्यक मानला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर शुश्रूषेच्या व्यवसायाकडे पाहण्याची पुण्याची दृष्टी पुष्कळ निवळली होती.

आज धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि खेड्यापाड्यांतील मुली परिचारिका होऊन रुग्णालयांत रुजू होतात. रूढीचा तो जाच ओसरला असला, तरी पहिल्या रात्रपाळीची धास्ती ओसरलेली नाही. खाटांची गर्दी, नातेवाइकांचा संताप आणि वरिष्ठांची घाई यांत नवी मुलगी गोंधळली, तर तिला नालायक ठरविणे सोपे असते. तिच्या शेजारी चार आठवडे अनुभवी परिचारिका उभी करणे खर्चाचे असते. परंतु जो समाज हा खर्च टाळतो, त्याची किंमत अखेर खाटेवरचा रोगीच देतो. रमाबाईंचे नाव घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावयास हवा.