वाल्देमार हाफकिन

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगाची भयंकर साथ उद्भवली. मांडवी भागात प्रथम दिसलेला हा रोग पाहता पाहता शहरभर पसरला. लोक घरेदारे टाकून गावोगावी पळू लागले. अशा वेळी सरकारने वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस धाडले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे याच मेचनिकॉफ यांनी जगास दाखवून दिले. या रक्षक पेशींविषयी आज पुष्कळच माहिती मिळाली आहे. रक्तातील पांढऱ्या पेशींचे मूळ हाडांतील मज्जेत असते. त्यांतील काहींची वाढ तेथेच पुरी होते. काही बालपेशी रक्तावाटे छातीतील थायमस ग्रंथीत जातात व तेथे तयार होतात. मग त्या रक्तातून सर्व शरीरभर पहारा करीत फिरतात. एखाद्या रोगजंतूशी एकदा गाठ पडली, की त्यांतील काही पेशी त्याची ओळख दीर्घकाळ विसरत नाहीत. मारलेल्या जंतूंची लस टोचली, तर रोग न होताच ही ओळख पटते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी रात्रंदिवस खपून प्लेगाची लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप भरला, पण ते बरे झाले. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील ज्या कैद्यांनी लस घेतली, त्यांच्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. मग लाखो लोकांनी ती टोचून घेतली.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच कुपीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांना अधिकारपदावरून दूर व्हावे लागले. त्यांनी धीर सोडला नाही. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले व कलकत्त्यास काम करू लागले.

मुंबईत परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. परक्या देशातील लोकांसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या या पुरुषाचे स्मरण ती संस्था आजही करून देते.