तीन घराण्यांचा एक शिष्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी गाण्याबद्दल काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि पहिलं नाव आठवलं ते गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचं. त्याला कारण घरगुती आहे.

माझी नात इथे अमेरिकेत शाळेच्या कॉयरमध्ये गाते, शनिवारी माझ्याजवळ पेटीवर यमन शिकते आणि एरवी कानाला हेडफोन लावून जॅझ ऐकते. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी तिला एकदा बोलून गेले. पोर फुरंगटली. महिनाभर पेटीला हात लावला नाही तिने. मग मलाच वाटलं, हे मी कोणाला सांगतेय? आपल्या भास्करबुवांनी काय केलं होतं?

बुवांचा जन्म १८६९ सालचा, बडोदा संस्थानातल्या कठोर गावचा. गोड गळ्याचा हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत गाऊ लागला. पण वय वाढलं, आवाज फुटला आणि रंगभूमीवरचं गाणं थांबलं. दुसरा कोणी खचला असता. बुवांनी गुरू शोधले. बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे ग्वाल्हेरची शिस्तशीर गायकी घेतली. मग आग्र्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे बोलांची आणि लयीची करामत. पुढे स्वतःचं नाव झालेलं असतानाही अल्लादिया खाँसाहेबांपुढे ते शिष्य म्हणून बसले आणि जयपूरच्या पेचदार ताना, अनवट राग आत्मसात केले.

त्या काळी घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून उस्ताद जपत असत. एका घराण्याचा शिष्य दुसऱ्याच्या दारात जाणं ही साधी गोष्ट नव्हती. बुवांना तिन्ही दारं उघडली, ती त्यांच्या सेवेमुळे आणि मेहनतीमुळे. ख्याल, ठुमरी, टप्पा, भजन, नाट्यपद, कशालाच त्यांनी हलकं मानलं नाही.

जे मिळवलं ते वाटूनही टाकलं. १९११ साली पुण्यात त्यांनी गाण्याची संस्था काढली, तीच आजची भारत गायन समाज. १९१६ साली खाडिलकरांचं संगीत स्वयंवर आलं. त्यातल्या बुवांच्या चालींनी यमन, भीमपलास, बिहाग घराघरांत पोचले. रागाचं नावही ठाऊक नसलेली माणसं ती पदं गुणगुणू लागली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचेच शिष्य. १९२२ साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी बुवा गेले. त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. आपण त्यांना ऐकतो ते शिष्यांच्या गळ्यातून.

हे सगळं मी नातीला सांगितलं. माझी चूकही कबूल केली. मात्र एक गोष्ट बजावली : बुवांनी तीन दारं ठोठावली खरी, पण प्रत्येक दारात वर्षानुवर्षं बसले. नुसतं डोकावून परतले नाहीत. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, मग आज यमन किती वेळ?

त्या दिवशी आम्ही तासभर बसलो. आता उत्सवात आरतीनंतर ती यमनातलं भजन म्हणणार आहे, आणि पुढच्या महिन्यात तिच्या कॉयरच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत असेन.

श्रीगजानन सर्व कलाकार बालगोपाळांना सूर आणि चिकाटी दोन्ही देवो, हीच प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!