जलसंजीवनीच्या पुडीतला ॲव्होगॅड्रो

पावसाळा लागला की दारव्हा परिसरातली जुलाब लागलेली लेकरं दवाखान्यात येऊ लागतात. घरी जलसंजीवनी दिली होती, असं आई सांगते. खोदून विचारलं की कळतं, लिटरभर पाण्याची अख्खी पुडी एका गिलासात कालवली होती. या पुडीचा हिशेब ज्यांच्या विचारावर उभा आहे, ते आमेदेओ ॲव्होगॅड्रो डॉक्टर नव्हते. शिक्षणाने वकील होते.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतल्या तुरीन शहरात झाला. घराणं कायदेपंडितांचं. विसाव्या वर्षीच त्यांनी धर्मकायद्यात डॉक्टरेट मिळवली, वकिलीही केली. पण मन रमलं गणित आणि भौतिकशास्त्रात. पुढे शिक्षक झाले. १८११ मध्ये त्यांनी मांडलं की, तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. म्हणजे वायू तोलून डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंच्या वजनांची तुलना करता येते. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र फारसं लक्ष दिलं नाही. १८२० मध्ये मिळालेलं तुरीनचं प्राध्यापकपद राजकीय गडबडीत गेलं आणि बऱ्याच वर्षांनी परत मिळालं. ९ जुलै १८५६ रोजी ते वारले. चार वर्षांनी, कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारो या इटालियन शास्त्रज्ञाने त्यांचा विचार जगाला पटवून दिला. एका मोलमध्ये ६०२२ वर वीस शून्यं इतके कण असतात. ही संख्या ॲव्होगॅड्रोंच्या नावाने ओळखली जाते, पण त्यांना स्वतःला ती ठाऊक नव्हती.

आता पुडीकडे वळू. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल. पुडीत ते १३.५ ग्रॅम असतं, म्हणजे ०.०७५ मोल. सोडियमचा अणुभार २३. मीठ आणि सायट्रेट मिळून पुडीत सोडियम सुमारे १.७ ग्रॅम भरतं; तेही ०.०७५ मोलच. वजनात आठपट फरक, पण कण सारखेच! आतडं ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत घेतं आणि त्यामागे पाणी जातं. इथे महत्त्व वजनाला नाही, कणांच्या संख्येला आहे.

पाणी कमी घेतलं तर द्रावण घट्ट होतं, शरीरातलं पाणी उलट आतड्यात खेचलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम चढतं. बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पाणी जास्त झालं तर क्षार अपुरे पडतात. म्हणून पुडीवर छापलेलं पाण्याचं माप वाचा, तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अख्खी पुडी विरघळवा, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या.