एक डोळा सूक्ष्मदर्शकात, दुसरा कागदावर

आंदर मावळातून कान्हे स्टेशनला येऊन लोणावळ्याच्या कॉलेजात जात असाल, तर मळवली तुम्हाला रोज खिडकीतून दिसतं. नोव्हेंबर १८८१मध्ये एक जर्मन प्राध्यापक रेल्वेने बोरघाट चढून लोणावळ्याला आला आणि तिथली कार्ल्याची लेणी बघून गेला. निघाला होता सिलोनला, वाटेत आठवडाभर मुंबईत थांबलेला. सामानात सूक्ष्मदर्शक होता आणि जलरंगही. नाव अर्न्स्ट हेकेल.

पेशी, प्रोटीन गरगर फिरवून दाखवणारे थ्रीडी व्हिडिओ तुम्ही फोनवर बघता ना? हेकेल म्हणजे त्या सगळ्या मंडळींचा पणजोबाच.

जन्म १६ फेब्रुवारी १८३४, पॉट्सडॅमचा. वडिलांच्या इच्छेखातर डॉक्टर झाला, पण पेशंटमध्ये मन रमेना. (ओळखीचं वाटतंय?) १८५९मध्ये समुद्री जीव अभासायला म्हणून इटलीत गेला आणि एका कवी मित्राच्या संगतीत निसर्गचित्रंच काढत बसला. आता चित्रकारच व्हावं, इथपर्यंत गाडी गेली होती. मग मेसिनाच्या समुद्रात त्याला रेडिओलारिया भेटले. एका पेशीचे जीव, पण सांगाडा सिलिकाचा, काचेच्या जाळीदार नक्षीसारखा. झालं! त्याच्यातल्या चित्रकाराला आणि शास्त्रज्ञाला एकच काम मिळालं. डावा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा आणि उजव्याने बघत कागदावर चितारायचं, अशी त्याची पद्धत. १८६२मध्ये त्यावरचा ग्रंथ आला आणि येना विद्यापीठात त्याचं बस्तान बसलं.

त्याच्या तिसाव्या वाढदिवशीच बायको अ‍ॅना गेली. तो पार कोसळला. पुढे एका जेलीफिशचे लांब तंतू बघून त्याला तिचे केस आठवले आणि त्या जातीला त्याने तिचं नाव दिलं.

कामाचा झपाटा मात्र भयंकर. ‘इकॉलॉजी’ हा शब्द त्याचाच, १८६६चा. ‘चॅलेंजर’ जहाजाने आणलेल्या नमुन्यांतून त्याने रेडिओलारियाच्या साडेतीन हजारांवर नव्या जाती नोंदवल्या. १८९९ ते १९०४ या काळात निसर्गातल्या कलारूपांवरचे त्याचे शंभर चित्रफलक प्रसिद्ध झाले. ते दगडावर उतरवले अ‍ॅडॉल्फ गिल्च या लिथोग्राफरने, ज्याचं नाव आपण कधी घेत नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वारही रेडिओलारियावरून बेतलेलं होतं.

पण इथे जरा थांबा. १८६८च्या पुस्तकात त्याने कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण शेजारी शेजारी छापले. सुरुवातीला सगळे कसे सारखेच दिसतात, हे पटवायचं होतं. सारखे दिसणारच, कारण ठसा एकच होता, तीनदा वापरलेला! एका शास्त्रज्ञाने ते पकडलं आणि पुढच्या आवृत्तीत ते बदललं गेलं. १८७४ची भ्रूणचित्रंही वादात सापडली, तरी पाठ्यपुस्तकांतून कित्येक दशकं फिरत राहिली. १९९७मध्ये संशोधकांनी खऱ्या भ्रूणांचे फोटो छापले, तेव्हा फरक ढळढळीत दिसला. माणसांच्या वंशांचीही त्याने उतरंड लावली होती, आणि तिला चुकून वाकलेली रेघ म्हणून सोडून देता येत नाही.

डार्विनचा मुद्दा मुळात बरोबर होता, भ्रूणांत साम्यंही आहेतच. मग ठसा तीनदा मारायची गरज काय होती? मला वाटतं, त्याच्या हाताला नीटनेटकेपणाची चटकच लागली होती. रेडिओलारियाची रेखीव सममिती काढणारा तो हाच हात.

आता त्या हाताच्या जागी सॉफ्टवेअर आहे. कोरोनाचा राखाडी गोळा आणि लाल काटे आठवतात? विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतो, त्याला रंग नसतोच. २०२०मध्ये चित्रकारांनी तो लाल निवडला, लोकांनी गांभीर्याने घ्यावं म्हणून. तो रंग निवडलेला आहे हे माहीत असेल तर ठीक. हेकेलच्या वाचकांना मात्र ठसा एकच आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

९ ऑगस्ट १९१९ला तो येनातच वारला. त्याचं घर आता संग्रहालय आहे. घराचं नाव त्यानेच ठेवलेलं: व्हिला मेडुसा, म्हणजे जेलीफिश.